गर्भिणी, थायरॉइड आणि आपल्या यशाचे श्रेय

वैद्यसंमेलनांच्या स्मरणिकांतून व नियतकालिकांतून थायरॉइडविषयक रुग्णवृत्ते अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. त्यांपैकी एका प्रकाराविषयी आम्हांस येथे स्पष्टपणे लिहावयाचे आहे. वृत्ताचा साचा बहुधा ठरलेला असतो. गर्भिणी, तिसरा महिना, उलट्या, हृद्द्रव, निद्रानाश. तपासणीत टीएसएच अत्यल्प. अमुक वटी व तमुक चूर्ण सहा आठवडे दिले. पुनर्तपासणीत टीएसएच पूर्ववत. सबब सदर कल्प थायरॉइडच्या अतिक्रियतेवर गर्भावस्थेतही निर्धोक व गुणकारी होय. वृत्त लिहिणारे वैद्य प्रामाणिक असतात, अहवालही खरे असतात. तरीही निष्कर्ष चुकीचा असतो. कारण त्या रुग्णेस काहीही दिले नसते तरी बहुतेक वेळा हाच अहवाल हाती आला असता.

याचे कारण शरीरक्रियेत आहे. गर्भधारणेनंतर अपरेतून स्रवणारे एचसीजी हे संप्रेरक आणि पीयूषिका ग्रंथीचे टीएसएच यांची घडण परस्परांशी इतकी मिळतीजुळती आहे की, एचसीजी थायरॉइडलाही चेतविते. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास एचसीजी शिखरावर असते आणि त्याच काळात टीएसएच खाली उतरते. ही प्राकृत घटना होय. शंभरात एक ते तीन गर्भिणींत मात्र ही चेतना मर्यादा ओलांडते, रक्तातील टी४ वाढते, नाडी जलद होते, हातांस कंप येतो. अतिवमनाने बेजार झालेल्या आणि जुळी धारण करणाऱ्या स्त्रियांत हे अधिक आढळते. एचसीजी उतरू लागले की चौदाव्या ते अठराव्या आठवड्यापर्यंत सर्व काही आपोआप शमते. येथे थायरॉइडविरोधी औषधांची आवश्यकता नसते. पाणी, क्षार, विश्रांती व वमनाचा उपशम एवढेच पुरते, आणि शुष्कता फार असल्यास शिरेवाटे द्रव द्यावा लागतो. द्राक्षगर्भातही एचसीजी बेसुमार वाढून हेच चित्र दिसते. म्हणून अशा प्रत्येक रुग्णेची सोनोग्राफी झाली आहे ना, हे पाहिल्यावाचून चिठ्ठी लिहू नये.

दुसरा प्रकार ग्रेव्हज व्याधीचा. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये वर्णिलेल्या या व्याधीत शरीर स्वतःच्याच थायरॉइडला चेतविणारी प्रतिपिंडे निर्माण करते. हजार गर्भिणींत एक ते चार असे याचे प्रमाण सांगतात. गोष्ट अशी की, हा व्याधीही गर्भावस्थेच्या उत्तरार्धात स्वभावतः मवाळ होतो. गर्भाचा स्वीकार करण्यासाठी मातेची रोगप्रतिकार यंत्रणा शिथिल होते, प्रतिपिंडे घटतात, औषधाची मात्रा उतरवावी लागते. वीस ते तीस टक्के रुग्णांत तर अखेरच्या तिमाहीत औषध पूर्णतः थांबविता येते. प्रसूतीनंतर ही शिथिलता संपते आणि काही महिन्यांत, बहुधा चौथ्या ते बाराव्या महिन्याच्या दरम्यान, व्याधी पुन्हा उसळण्याची भीती असते.

म्हणजे एक प्रकार दुसऱ्या तिमाहीत स्वतःहून बरा होतो आणि दुसरा तिसऱ्या तिमाहीत स्वतःहून ओसरतो. दोन्ही वेळी रुग्णेच्या हाती आपली पुडी असेल, तर श्रेय पुडीला मिळते. मग तोच अनुभव पुढच्या रुग्णेस लागू केला जातो. त्या रुग्णेचे मुळातले औषध ‘आता गरज नाही’ म्हणून सोडविले जाते आणि बाळ पाच महिन्यांचे असताना ती कोणत्या अवस्थेत कोणाच्या दारी जाते, हे आपल्याला कळतही नाही. प्रत्यक्ष अनुभव हा वैद्याचा मोठा आधार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या एका व्याधीत अनुभव हा विश्वासार्ह साक्षीदार नाही, असे आमचे मत आहे.

आता चिकित्सेकडे वळू. ‘थायरॉइडचे औषध’ या नावाने एकच पुडके दुकानाच्या फळीवर असते आणि ग्रंथी मंद असो वा अतिक्रिय, तेच हाती पडते. कांचनार गुग्गुळ आणि अश्वगंधा ही जोडी तर पाठ झालेली आहे. मंदावलेल्या थायरॉइडमध्ये या जोडीचे स्थान काय, हा येथे विषय नाही. परंतु आपण तिचे समर्थन ज्या पुराव्याने करतो तो पाहा. अश्वगंधामुळाच्या अर्काने उंदरांत थायरॉइड संप्रेरके वाढल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. टीएसएच किंचित वाढलेल्या पन्नास रुग्णांवरील २०१८ च्या चाचणीत आठ आठवड्यांत टी४ वाढले. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरॉनने उंदीरवर्गीय प्राण्यांत थायरॉइडची क्रिया वाढते, असा निष्कर्ष १९८४ मध्ये मांडला गेला. हे शोध आपण पत्रकांवर अभिमानाने छापतो. मग ज्या गर्भिणीचे टी४ आधीच वाढलेले आहे, तिला तेच द्रव्य कोणत्या न्यायाने द्यावयाचे? अश्वगंधेच्या कॅप्सूलनंतर थायरॉइडची अतिक्रियता उद्भवलेल्या एका तरुण स्त्रीची नोंद नेदरलँडमधील वैद्यकीय नियतकालिकात २००५ मध्येच आली आहे आणि तसे वृत्तांत त्यानंतरही आले. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली, ती आम्हांस अतिरेकी वाटते; पण बंदी अतिरेकी आहे म्हणून इशारा निराधार ठरत नाही. (नागोरी असगंध आमच्या नागपूरची, असे समजणारे ग्राहक अजून भेटतात, ती राजस्थानातील नागौरची. गुणदोष मात्र कोठलीही असली तरी तेच.)

कांचनार गुग्गुळाविषयी ग्रंथाधारच पाहावा. शार्ङ्गधराने त्याच्या फलश्रुतीत गंडमाला, अपची, अर्बुद, ग्रंथी यांची नावे घेतली आहेत. त्रिकटू, त्रिफळा व गुग्गुळ यांनी युक्त असा हा उष्ण, लेखन कल्प. धातू आधीच झिजत असलेल्या, दाहाने तळमळणाऱ्या गर्भिणीस तो देण्यास त्या पाठात काय आधार आहे? गुग्गुळाचे आर्तवजनन कर्म तर वैद्यांस नव्याने सांगावयास नको. घोटाळ्याचे मूळ भाषांतरात आहे. थायरॉइड म्हणजे गलगंड असे समीकरण कोणीतरी बसविले आणि ते रूढ झाले. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात गलगंड वातज, कफज व मेदोज असा तीनच प्रकारचा सांगितला. पित्तज सांगितलेलाच नाही. भूक वाढूनही कृश होणारी, घामाने भिजणारी, उष्ण सहन न होणारी रुग्णा त्या वर्णनात बसत नाही. अत्यग्नीच्या वर्णनाशी तिचे काही साम्य दिसते, इतपत म्हणता येईल. ते साम्यही उपचाराचा परवाना नव्हे.

कल कोणत्या बाजूस आहे, हेही ध्यानात घ्यावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१४ मध्ये गर्भावस्थेतील थायरॉइडविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मंद थायरॉइडच्या तपासणीसाठी. तोच व्याधी अधिक आढळतो, हे खरे. त्यामुळे गर्भिणीचे टीएसएच पाहताना सर्वांची नजर ते वाढले आहे का याकडेच असते. कमी आले तर एकतर ‘उत्तम’ म्हणून सोडून दिले जाते किंवा अहवालावरील तारका पाहून घरचे घाबरतात. अहवालावर छापलेली मर्यादा पुष्कळदा गर्भिणीची नसते, ही गोष्ट त्यांना शांतपणे समजावून सांगणे हीसुद्धा चिकित्साच आहे. टीएसएच कमी दिसल्यास मुक्त टी४ पाहावे. ते वाढलेले असल्यास प्रतिपिंडांची, म्हणजे टीआरएबीची तपासणी करावी. गळ्याशी ग्रंथी वाढलेली, डोळे बटबटीत, गर्भधारणेपूर्वीपासूनची लक्षणे, हे ग्रेव्हजकडे बोट दाखविते. केवळ उलट्या आणि तिसरा महिना हे तात्पुरत्या अवस्थेकडे.

ग्रेव्हज व्याधी निश्चित असेल, तर उपचाराविना सोडलेल्या मातेस गर्भपात, अकाली प्रसूती, उच्च रक्तदाबाचा आक्षेपक विकार, हृदयाचा अवसाद यांचा धोका असतो. बाळ अल्पभार जन्मते किंवा उदरातच दगावते. म्हणून औषध द्यावे लागते आणि औषधही निष्कलंक नाही. कार्बिमॅझोल शरीरात गेल्यावर मेथिमॅझोलमध्ये रूपांतरित होते. सहाव्या ते दहाव्या आठवड्यांत, गर्भाचे अवयव घडत असताना, त्यामुळे टाळूवरील त्वचेचा अभाव, नासामार्ग किंवा अन्ननलिका बंद असणे, नाभीपाशी आंत्र बाहेर राहणे अशी व्यंगे क्वचित उद्भवतात. म्हणून पहिल्या तिमाहीत प्रोपिलथायोयुरॅसिल, व्यवहारात पीटीयू, पसंत करतात. त्याने यकृतास गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये तसा ठळक इशारा त्याच्या वेष्टनावर घालावयास लावला. पीटीयूसुद्धा गर्भास सर्वस्वी निर्दोष नसल्याचे २०१३ च्या डेन्मार्कमधील अभ्यासाने दाखविले, मात्र व्यंगे तुलनेने सौम्य होती. अल्प मात्रेवर स्थिर असलेल्या रुग्णेचे औषध गर्भधारणा कळताच थांबवून एक-दोन आठवड्यांनी तपासण्या करीत राहणे, हाही मार्ग अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या सूचनांत आहे.

हे सर्व सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, गर्भिणी आपल्याकडे येते ती नेमकी याच भीतीपोटी. ‘त्या गोळीने बाळात व्यंग येते म्हणे, तुमच्याकडचे काही द्या,’ असे ती किंवा तिची सासू म्हणते. भीती अगदीच खोटी नसते, म्हणून तिला दुजोरा देणे सोपे जाते. आम्ही वैद्यबंधू-भगिनींस आग्रहाने सांगू इच्छितो की, औषध बंद करण्याचा सल्ला आपल्या तोंडून जाऊ नये. बंद करणे योग्यही असू शकेल, परंतु तो निर्णय प्रतिपिंडे, टी४ आणि गर्भाचा आठवडा पाहून अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाने किंवा वैद्यकतज्ज्ञाने घ्यावयाचा आहे. आपण त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तिला तिकडे धाडावे. पाचवा आठवडा आणि नववा आठवडा यांत फार अंतर आहे. ‘पुढच्या महिन्यात दाखवा’ म्हणणे येथे चालत नाही. मासिक पाळी चुकताच तपासणी करावी, हे कार्बिमॅझोल घेणाऱ्या प्रत्येक विवाहितेस आधीच सांगून ठेवावे.

पीटीयूची मात्रा आपण ठरवावी काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर नकारार्थी आहे. राज्याच्या आदेशांनी कोणती मुभा दिली आहे, हा वाद वेगळा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका होमिओपॅथी पदवीधराच्या प्रकरणात, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा मानला, हे विसरू नये. आणि कायदा बाजूस ठेवला तरी मात्रेचा प्रश्न नाजूक आहे. औषध अपरा ओलांडून गर्भाच्या थायरॉइडवरही कार्य करते. मातेचे टीएसएच पुस्तकातल्यासारखे करण्याचा अट्टहास धरला तर बाळाची ग्रंथी मंदावते, कधी त्यास गलगंड होतो. म्हणून मातेचे मुक्त टी४ प्राकृत मर्यादेच्या वरच्या कडेशी राहील इतकीच, कमीत कमी मात्रा देतात आणि दर चार आठवड्यांनी, आवश्यक तेव्हा त्याहूनही लवकर, तपासतात. चरकाने शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तेलाच्या पात्राची उपमा दिली आहे. हेलकावा दोन्ही बाजूंस बसू नये, हा तिचा अर्थ या व्याधीत जितका पटतो तितका क्वचितच अन्यत्र पटत असेल.

गुडूचीचा विषय निघाल्यावाचून राहणार नाही, म्हणून तो आम्हीच काढतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराचे वृत्त मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला. तो वाद येथे उकरून काढावयाचा नाही. मात्र जिच्या यकृतावर पीटीयूचा भार आहे आणि जिचा मूळ व्याधीच रोगप्रतिकार यंत्रणेच्या बिघाडातून आला आहे, त्या गर्भिणीस ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ काहीही देण्याची घाई कशासाठी? ऑक्टोबर २०२० च्या आयुष नियमावलीत अश्वगंधा व गुडूची आल्यापासून या बाटल्या घरोघरी गेल्या. रुग्णा त्यांना औषध समजत नाही आणि विचारल्याखेरीज सांगत नाही.

नागपूर परिसरात हा व्याधी निसटण्याची आणखी कारणे आहेत. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की प्रत्येकच गर्भिणी घामाने निथळते, तिला धडधडते, झोप येत नाही. उष्णता सहन होत नाही, ही तक्रार येथे कोण लक्षण म्हणून ऐकणार? धाप व हृद्द्रव दिसताच आपण पांडू म्हणतो. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षात घेता तो तर्क चुकीचाही नसतो. पण रक्त कमी असणे आणि थायरॉइड अतिक्रिय असणे एकाच स्त्रीत असू शकते. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी येथे तिचा साधा उपयोग करावा. प्राकृत गर्भावस्थेतही ठोके मिनिटास दहा ते वीसने वाढतात. परंतु स्वस्थ बसलेल्या, ज्वर नसलेल्या स्त्रीची नाडी सातत्याने १०० च्या वर राहत असेल, झोपेतही उतरत नसेल, भूक चांगली असून वजन वाढत नसेल, पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद थरथरत असेल, तर पंख्याला आणि उन्हाला दोष देऊन मोकळे होऊ नये.

त्यातून आपल्याकडील पहिले बाळंतपण माहेरी. पुण्यात किंवा मुंबईत उपचार घेणारी लेक डोहाळजेवण आटोपून सातव्या-आठव्या महिन्यात काटोलला, उमरेडला, रामटेकला येते. फाईल तिकडेच राहते, गोळ्या संपतात, आणि गावात कार्बिमॅझोल सहज मिळाले नाही की चार दिवस, आठ दिवस तसेच जातात. माहेरचे वैद्य घरचेच. त्यांना दाखविले जाते. तीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान टीआरएबी पुन्हा पाहावयाचे असते, आणि हा प्रवास नेमका त्याच आठवड्यांत होतो. प्रतिपिंडे प्राकृत मर्यादेच्या तिप्पट वा अधिक असतील तर ती अपरेवाटे बाळात जाऊन त्याच्याही थायरॉइडला चेतवू शकतात. गर्भाच्या हृदयाचे ठोके मिनिटास १६० च्या वर टिकून राहणे ही त्याची एक खूण. असे बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञाच्या नजरेखाली राहावे लागते, कारण आईच्या औषधाचा प्रभाव ओसरल्यावर काही दिवसांनी त्याची लक्षणे उघड होतात. माहेरी आलेल्या गर्भिणीस पहिला प्रश्न ‘किती महिने झाले’ असतोच. दुसरा ‘थायरॉइडची गोळी चालू आहे काय, आणि ती वाढलेल्यावरची की कमी असलेल्यावरची’ असा असावा. चालू असल्यास नागपुरातील मेडिकल, मेयो, डागा स्त्री रुग्णालय किंवा मिहानमधील एम्स यांपैकी जे सोयीचे असेल तेथे तिची नोंद प्रसूतीच्या बऱ्याच आधी व्हावी. दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत होणारी गर्भिणी तपासणी खेड्यातील रुग्णेस सर्वांत जवळची पडते.

येथे एका रुग्णेविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण तिला सर्वच जण विसरतात. ग्रेव्हजसाठी जिची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली आहे किंवा जिने पूर्वी किरणोत्सारी आयोडीन घेतले आहे, ती आता थायरॉक्सिनवर असते आणि कागदोपत्री ‘मंद थायरॉइड’ची रुग्णा दिसते. तिच्या रक्तात जुनी प्रतिपिंडे वर्षानुवर्षे राहू शकतात. आई निरोगी आणि उदरातील बाळ मात्र थायरॉइडच्या अतिक्रियतेने ग्रस्त, अशी स्थिती संभवते. गळ्यावरील व्रणाची खूण दिसली की कशासाठी, हे विचारावे.

धोक्याच्या दोन प्रसंगी आपली नेहमीची पुडी प्राणघातक ठरू शकते. कार्बिमॅझोल वा पीटीयू घेणाऱ्या स्त्रीस ज्वर आला, घसा दुखला, तोंड आले, तर सितोपलादी किंवा तालिसादी देऊन घरी पाठवू नये. या औषधांनी क्वचित पांढऱ्या पेशी एकदम नष्टप्राय होतात. गोळी थांबवून त्याच दिवशी पेशींची मोजणी आणि तज्ज्ञाची भेट हवी. तसेच डोळे पिवळे, मूत्र गडद, अंगास खाज असे दिसताच कामला म्हणून आरोग्यवर्धिनीचा विचारही करू नये. तिसरा प्रसंग अधिक दुर्मीळ व अधिक भयंकर: औषध अचानक सुटलेले, त्यात ज्वर वा प्रसववेदना, नाडी १४० च्या पुढे, वांती, अतिसार, प्रलाप. तेथे रुग्णवाहिका बोलवावी.

औषधविक्रेत्या सभासदांकडे आमचे निराळे मागणे आहे. केसांसाठी व नखांसाठी खपणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या अनेक प्रयोगशाळांतील थायरॉइड तपासणी फसवितात. टीएसएच खोटेच कमी व टी४ खोटेच अधिक दाखवितात. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, हे गल्ल्यावरूनच सांगता येते. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा नियम १६१ प्रमाणे छापलेला असतो; गर्भिणीस विकताना तो वाचून दाखवावा. ‘थायरॉइडवर हमखास’ अशी पाटी लावणाऱ्यांनी १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय विषयक कायद्याची अनुसूची एकदा पाहावी. गलगंडाचे नाव तीत आहे. समुद्रशैवालाच्या गोळ्या आयोडीनने भरलेल्या असतात, त्या गर्भिणीस देऊ नयेत. याउलट ‘थायरॉइड वाढले आहे, आयोडीनचे मीठ बंद करा, सैंधव खा’ हा सल्लाही चुकीचा. गर्भास आयोडीन लागतेच. घरातील मीठ आहे तसे चालू द्यावे.

यावर काही सहकारी म्हणतील की, मग आम्ही करावयाचे काय? सर्वच नाकारले. आम्हांस तसे वाटत नाही. गर्भिणीस मृदू, मधुर, शीत, सुकुमार असाच उपचार करावा आणि वमन-विरेचनादी शोधने टाळावीत, असे चरकाने सांगितले, ते या रुग्णेस तंतोतंत लागू आहे. अतिवमनात लाह्यांचे मंड थोडेथोडे, वारंवार, झिजणाऱ्या धातूंसाठी दूध, तूप, मुगाचे वरण, ताजे फळ, उन्हाच्या वेळा टाळून विश्रांती, मलावष्टंभ होऊ नये इतकी काळजी, चहा-कॉफी कमी, आणि दर पंधरा दिवसांनी वजन, नाडी व रक्तदाब यांची लेखी नोंद. तज्ज्ञ महिन्याने एकदा दहा मिनिटे भेटतो. वैद्य आठवड्यास भेटतो. गोळी नियमाने चालू आहे ना, हे पाहणारा माणूस या व्याधीत फार मोलाचा असतो. सूतिकेच्या बाबतीत तर आपला अधिकार परंपरेनेच मान्य आहे. तो वापरताना, ग्रेव्हज झालेल्या बाळंतिणीच्या लाडवांत व काढ्यांत अश्वगंधा जाऊ देऊ नये. ठराविक मात्रेपर्यंत, म्हणजे मेथिमॅझोल दिवसास २० मिलिग्रॅम किंवा पीटीयू ४५० मिलिग्रॅमपर्यंत, घेत असताना स्तनपान देता येते. औषधाच्या भीतीने बाळाचे दूध तोडू नये आणि दुधाच्या मायेने आईचे औषधही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ‘बाळंतपणाचा अशक्तपणा, चिडचिड, केस गळणे’ अशी तक्रार आली तर एक टीएसएच व एक मुक्त टी४ एवढा खर्च अवश्य करावयास सांगावा. प्रसूतीनंतर थायरॉइडचा दाहही याच सुमारास होतो आणि त्यात थायरॉइडविरोधी गोळ्या लागत नाहीत.

राहिला रुग्णवृत्तांचा प्रश्न. गर्भिणीच्या थायरॉइड-अतिक्रियतेवरील वृत्त छापण्यापूर्वी संपादकांनी चार गोष्टी मागाव्यात, असे आम्ही सुचवितो: प्रत्येक तपासणीच्या वेळचा गर्भाचा आठवडा, केवळ टीएसएच नव्हे तर मुक्त टी४, टीआरएबीचा अहवाल, आणि चालू असलेल्या आधुनिक औषधाचे नाव व मात्रा. त्याबरोबर प्रसूतीनंतर सहाव्या महिन्याचा अहवाल नसेल तर वृत्त तोवर थांबवून ठेवावे. एखाद्या कल्पाने अपाय झाल्याचा संशय आला तर तो लपवू नये. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय व्यवस्था २००८ पासून आहे आणि आज तिचे मध्यवर्ती केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. परिघीय केंद्रे अनेक महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. एका पानाचा नमुना भरावा लागतो. त्यात कल्पाचे नाव, निर्मात्याचा बॅच क्रमांक आणि घेतल्याची तारीख लागते, म्हणून गर्भिणीस दिलेल्या प्रत्येक डबीवरचा बॅच क्रमांक तिच्या केसपेपरवर आजपासूनच लिहून ठेवावा.